'शोले'चा दुसरा शेवट

चित्रपट पाहून बाहेर पडताना "शेवट असा नको होता" म्हणणारा एक तरी माणूस आपल्याबरोबर असतोच. जाणकार त्याला गप्प करतात. पडद्यावर आहे त्याबद्दल बोला, नाही त्याची चर्चा कशाला, असा त्यांचा खाक्या. मीही बरीच वर्षं त्याच पंगतीत होतो. 'शोले'नं मला तिथून उठवलं.

लहानपणी तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्ये अब्बांच्या शेजारी बसून मी तो पाहिला. खिळ्यांच्या बुटांनी ठाकूर गब्बरला तुडवतो, आता संपवणार, तोच पोलीस येऊन कायद्याची आठवण देतात. तंबूत चुळबुळ झाली. अब्बा म्हणाले, "हे इतका वेळ कुठं होते?"

उत्तर मला पुष्कळ वर्षांनी सापडलं. ठाकूर गब्बरला ठार मारतो आणि मग ढसाढसा रडतो, असा शेवट रमेश सिप्पींनी चित्रित केला होता. चित्रपट लागायचा होता १५ ऑगस्ट १९७५ला. आणीबाणी जाहीर झाली २५ जूनला. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो, हे सेन्सॉरला रुचलं नाही. शेवट नव्यानं चित्रित करावा लागला आणि त्यात पोलीस आले. ही हकिगत ठाऊक नसलेला समीक्षक 'शेवटी दिग्दर्शक कचरला' असं लिहून मोकळा होईल, आणि सरकारी कात्रीचा दोष कलावंताच्या माथी बसेल.

पण वगळलेलं सगळंच मोलाचं असतं असंही नाही. अहमदच्या हत्येचा चित्रित भाग प्रदर्शित चित्रपटात नव्हता. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि पुढं घोडा प्रेत घेऊन गावात येतो, एवढंच आपण पाहिलं. माझ्या मते ते जास्त भेदक आहे. मुंगीनंतर आणखी काही दाखवायची गरजच नव्हती. कवितेच्या वहीत खोडलेल्या ओळी पाहताना मलाही कधी हायसं वाटतं, कधी हळहळ.

मात्र मनाला येईल तो बदल सुचवणं ही समीक्षा नव्हे. जय जगायला हवा होता, असं प्रेक्षक म्हणतात. सुरुवातीचा प्रतिसाद थंड पाहून खुद्द निर्मात्यांनीही तसा विचार केला होता आणि सोडून दिला होता. त्यामुळं तो प्रश्नही इतिहासात बसतो. गब्बर सुधारला असता तर, हा बसत नाही.

मूळ शेवटाची दुरुस्त केलेली प्रत जून २०२५मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली, डिसेंबरमध्ये आपल्याकडेही लागली. सूड पुरा झाल्यावर ठाकूर रडतो. त्याला मिठी मारायलाही हात नाहीत. तो क्षण १९७५ला प्रदर्शित झालेल्या चित्रपटात नव्हताच.