वर्ध्याचे रस्ते आणि घरांवरचे मजले



घर किती उंच बांधावें हें घरधनी ठरवितो असा आपला समज असतो. वस्तुतः तें पुष्कळदा घरासमोरचा रस्ता ठरवितो. वर्धा शहराचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

1862 सालीं वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला. त्याचें ठाणें प्रथम पुलगांवजवळील कवठा येथें होतें. 1866 सालीं तें पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं आणून नवें शहर वसविण्यांत आलें. आपलीं बहुतेक जुनीं शहरें गल्लीगल्लीनें फुगत गेलीं. येथें मात्र आधीं सरळ, रुंद रस्ते आंखले आणि मग घरें उठलीं. पुढें अंगण, विहीर आणि चार झाडें असलेलें एका कुटुंबाचें घर हाच सुखवस्तु माणसाचा आदर्श झाला.

‘एका भूखंडावर एकच कुटुंब’ असा कायदा आपल्याकडे सहसा नसतो. अमेरिकेंत तो होता. 1926 सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें विभागवार बांधकामाचे निर्बंध वैध ठरविले आणि असंख्य वस्त्यांत स्वतंत्र घराखेरीज दुसरें कांहीं बांधणें अशक्य झालें. मिनियापोलिस शहरानें 2018 सालीं हा दंडक मोडून एका भूखंडावर तीन कुटुंबांची सोय मान्य केली. आपल्याकडे तेंच काम भोंवतालची सक्तीची मोकळी जागा आणि चटईक्षेत्र निर्देशांक हीं दोन मापें करतात.

डिसेंबर 2020 मध्यें, मुंबई व कांहीं विशेष क्षेत्रें वगळून, राज्यभर एकत्रित विकास नियमावली लागू झाली. जुन्या दाट वस्तीबाहेर मूळ निर्देशांक 1.10 ठरला, म्हणजे 3,000 चौरस फुटांच्या भूखंडावर सर्व मजले मिळून 3,300 फूट. परंतु रस्ता 9 मीटर वा अधिक रुंद असेल, तर शासनाला शुल्क भरून आणि विकास हक्क विकत घेऊन आणखी मजले चढवितां येतात. दीडशे वर्षांपूर्वींच्या आंखणीला आज असा भाव आला आहे!

ही वाढ मला गैर वाटत नाहीं. सेवाग्रामचें वैद्यकीय महाविद्यालय 1969 सालीं आणि वर्ध्याचें हिंदी विद्यापीठ 1997 सालीं निघालें; तेथें येणाऱ्यांनीं राहावें कोठें? 1936 सालीं सेवाग्रामच्या आदि निवासांत गांधीजी, कस्तुरबा आणि पाहुणे एकाच छपराखालीं राहत खरे, पण तें व्रत होतें. भाड्याची खोली शोधणाऱ्यावर तें लादतां येत नाहीं. मात्र मजल्यांचें शुल्क नळ, गटारें आणि धाम नदीच्या पाण्याची सोय यांवर खर्च व्हावें. एका नळाच्या जागीं सहा नळ आले, म्हणून नदी सहापट होत नाहीं.

आणि बोळांतल्या घरांचें काय? रस्ता 9 मीटरांहून अरुंद असला कीं ही जादा सवलत नाहीं. तेथें तीन भावांच्या वाटण्या त्याच 3,300 फुटांत बसवाव्या लागतात.