कॉम्प्युटर सारखा हँग होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

माउसचा बाण जागच्या जागी थांबतो. कीबोर्ड दाद देत नाही. गाणं सुरू असेल तर एकच सूर अडकून घरघरत राहतो. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. घरातला कॉम्प्युटर असा वरचेवर हँग व्हायला लागला की ओळखीतल्या कुणाकडून तरी एकच सल्ला येतो: "फॉरमॅट मारून टाक."

फॉरमॅट मारणं म्हणजे सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्यानं टाकणं. बिघाड विंडोजमध्ये किंवा एखाद्या प्रोग्राममध्ये असेल, तर त्याचा उपयोग होतो. पण बिघाड हार्ड डिस्क, रॅम, पंखा किंवा एसएमपीएसमध्ये असेल, तर पैसे जातात आणि काही दिवसांनी कॉम्प्युटर पुन्हा हँग होतो. शिवाय डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर सहसा सी ड्राइव्हवरच असतात. म्हणजे लग्नाचे फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, स्कॅन करून ठेवलेली कागदपत्रं हे सगळंही पुसलं जाऊ शकतं.

कॉम्प्युटर कधी आणि कसा हँग होतो, याकडे नीट लक्ष दिलं तर दोष कुठे आहे याचा बराचसा अंदाज घरीच येतो. तो कसा घ्यायचा, ते पाहू.

पहिलं काम: फाइल्सची कॉपी

कारण काहीही असो, कॉम्प्युटर चालू होतोय तोवर महत्त्वाच्या फाइल्स पेन ड्राइव्ह, एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा गुगल ड्राइव्हवर कॉपी करा. हँग होणं हे अनेकदा हार्ड डिस्क खराब होत असल्याचं लक्षण असतं आणि अशी डिस्क कधी बंद पडेल हे सांगता येत नाही. दुरुस्तीचे बाकीचे प्रयोग त्यानंतर.

पूर्ण हँग झालाय की एकच प्रोग्राम अडकलाय?

एखादी खिडकी ५ सेकंद प्रतिसाद देत नसेल, तर विंडोज तिच्यावर 'नॉट रिस्पाँडिंग' असं दाखवू लागतं. अशा वेळी तो एकच प्रोग्राम अडकलेला असू शकतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडला, तर त्या प्रोग्रामवर क्लिक करून 'एंड टास्क' करा.

काहीच उघडत नसेल, तर कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून पाहा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे, म्हणजे आत काहीतरी काम सुरू आहे. दोन-चार मिनिटं थांबलात तर कॉम्प्युटर स्वतःहून सावरू शकतो. स्क्रीनच गोठली आहे असं वाटलं, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. कॅप्स लॉकचा दिवाही हलत नसेल, तर कॉम्प्युटर पूर्ण हँग झाला आहे. मग पॉवरचं बटण दाबून धरण्याशिवाय मार्ग नाही.

हँग कधी होतो, ते लिहून ठेवा

आठवडाभर एका कागदावर वेळ आणि त्या वेळी काय सुरू होतं, ते टिपून ठेवा. त्यावरून असा अंदाज बांधता येतो:

• सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं अडकतो, नंतर ठीक चालतो: हार्ड डिस्क संथ आहे किंवा आपोआप सुरू होणारे प्रोग्राम फार आहेत.
• ब्राउझरचे बरेच टॅब उघडले की अडकतो: रॅम कमी पडते आहे.
• गेम किंवा व्हिडिओ कॉल सुरू होऊन थोडा वेळ झाला की हँग होतो: उष्णता किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर.
• ठरावीक फाइल किंवा फोल्डर उघडताना हँग होतो: डिस्कचा तेवढा भाग खराब झालेला असू शकतो.
• काहीही करत नसताना, केव्हाही हँग होतो: रॅम, एसएमपीएस किंवा एखादा ड्रायव्हर.

विंडोज स्वतःही अशी नोंद ठेवतं. स्टार्ट मेन्यूमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' हा शब्द शोधा. तारखेनुसार एक आलेख उघडेल. त्यात लाल फुल्या कोणत्या दिवसापासून सुरू झाल्या आणि त्याच सुमारास कोणता प्रोग्राम किंवा अपडेट आलं, ते पाहा.

रॅम आणि डिस्क: आकडे काय सांगतात?

टास्क मॅनेजरमधल्या 'परफॉर्मन्स' या भागात सीपीयू, मेमरी आणि डिस्क किती वापरात आहेत ते दिसतं. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम कमी पडते आहे. रॅम भरली की विंडोज त्यातला काही मजकूर डिस्कवर ठेवू लागतं आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ असते. ४ जीबी रॅमवर विंडोज चालतं, पण सोबत ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल सुरू केला की दम लागतो. ८ जीबी केल्यावर फरक लगेच जाणवतो.

डिस्क सतत १०० टक्के दाखवत असेल आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर अडचण तिथेच आहे. हार्ड डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला साधारण शंभरेक वेळा वाचू शकते, तर एसएसडी हजारो वेळा. जुन्या कॉम्प्युटरला नवी उभारी द्यायची असेल, तर एसएसडी बसवणं हा सगळ्यात परिणामकारक बदल आहे.

डिस्कची तब्येत पाहण्यासाठी 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येतं. डिस्कनं स्वतःच ठेवलेल्या नोंदी ते दाखवतं. तिथे पिवळ्या रंगात 'कॉशन' किंवा लाल रंगात 'बॅड' दिसलं, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर फॉरमॅट मारून उपयोग नाही. फाइल्स काढून घ्या आणि डिस्क बदला. 'चेक डिस्क' हे विंडोजचं साधनही फाइल्स काढल्यानंतरच चालवा, कारण मोडकळीला आलेल्या डिस्कवर त्याचा ताण पडतो.

उष्णता आणि धूळ

प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही तापमान वाढत राहिलं, साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं, तर स्वतःला वाचवण्यासाठी कॉम्प्युटर बंद पडतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात खोलीचंच तापमान चाळिशीला टेकलेलं असताना पंख्याला काम जड जातं. त्यात कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात असेल, तर विचारायलाच नको.

प्लग काढा, कॅबिनेटचं झाकण उघडा आणि मऊ ब्रशनं धूळ काढा. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. सगळे पंखे फिरतात का, ते पाहा. तीन-चार वर्षं जुन्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकलेली असू शकते. ती बदलण्याचं काम मात्र माहीतगार माणसाकडून करून घ्या.

रॅम सैल, एसएमपीएस कमजोर

रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर एकेक काढून एक-दोन दिवस वापरून पाहा. एका पट्टीवर हँग होतो आणि दुसरीवर नाही, म्हणजे दोषी सापडली. स्टार्ट मेन्यूमधून 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवूनही तपासणी होते. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. त्याच्या तपासणीसाठी दुकानात चांगला एसएमपीएस लावून पाहतात. तो घरी कधीही उघडू नका, कारण प्लग काढल्यावरही आत धोकादायक वीज साठलेली असते.

दोष सॉफ्टवेअरचा असेल तर

• 'शट डाउन'ऐवजी 'रिस्टार्ट' करा. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर शट डाउन केल्यावरही विंडोजचा गाभा पूर्ण नव्यानं सुरू होत नाही.
• टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' भागातून नको असलेले प्रोग्राम बंद करा.
• दोन अँटिव्हायरस असतील, तर एक काढा. दोघं एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.
• सी ड्राइव्ह गच्च भरला असेल, तर जागा करा.
• शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करा आणि तिथून 'सेफ मोड' निवडा. सेफ मोडमध्ये हँग होत नसेल, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा किंवा एखाद्या प्रोग्रामचा आहे.

एका वेळी एकच बदल करा आणि दोन दिवस थांबा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असा फोन आला तर?

ब्राउझरमध्ये अचानक पूर्ण स्क्रीनभर इशारा येतो, भोंगा वाजतो आणि एक नंबर दिसतो. कॉम्प्युटर हँग झाल्यासारखा वाटतो, पण ते फक्त एक वेबपेज असतं. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. त्या नंबरवर फोन करू नका. असे भामटे 'इव्हेंट व्ह्यूअर'मधल्या लाल खुणा दाखवून घाबरवतात, पण तशा खुणा ठणठणीत कॉम्प्युटरमध्येही असतात. रिमोट अ‍ॅप टाकायला लावून पैसे काढले गेले असतील, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

नवा कॉम्प्युटर घ्यावाच लागेल का?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे सुरक्षेचा धोका वाढतो, हे खरं. पण सपोर्ट संपला म्हणून कॉम्प्युटर हँग होत नाही. त्यामुळे "विंडोज जुनं झालंय, नवा कॉम्प्युटर घ्या" असं कुणी म्हटलं, तर हँग होण्याचं कारण काय सापडलं, हे आधी विचारा. मात्र इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या जवळपास सगळ्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. तुमचा कॉम्प्युटर त्यातला असेल, तर त्यावर मोठा खर्च करण्याआधी विचार करा.

दुकानात नेताना "हँग होतोय, बघा जरा" एवढंच सांगू नका. तुमची नोंद दाखवा, डिस्क आणि रॅम तपासायला सांगा आणि "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका" हे बिलावर लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. त्यातही जुनी हार्ड डिस्क नक्की मागा, कारण तुमच्या फाइल्स तिच्यावर अजून असू शकतात.