धडगाव परिसरातील पिकअप वाहने

पिकअप हे पुढे चालकाची बंद केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन आहे. महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव आणि त्याभोवतालच्या सातपुड्याच्या डोंगराळ भागात मध्यम आकाराची पिकअप हे मालवाहतुकीचे प्रमुख साधन आहे. कायद्याने मनाई असूनही तिचा उपयोग माणसांच्या वाहतुकीसाठीही होतो. या वाहनाचे गुणदोष या भागात केवळ खरेदीदारापुरते महत्त्वाचे नसून बाजारपेठ, आरोग्यसेवा, मजुरांचे स्थलांतर आणि रस्ते सुरक्षा या सर्वांशी ते निगडित आहेत.

== संज्ञा व वर्गीकरण ==
जगात मध्यम आकाराची पिकअप म्हटले की टोयोटा हायलक्स किंवा इसुझू डी-मॅक्स यांसारखी वाहने समजली जातात. भारतात, विशेषतः ग्रामीण महाराष्ट्रात, 'पिकअप' हा शब्द साधारण एक ते दोन टन माल वाहणाऱ्या व्यावसायिक वाहनासाठी रूढ आहे. महिंद्रा बोलेरो पिकअप आणि टाटा योद्धा ही त्याची परिचित उदाहरणे होत. यापेक्षा लहान, सुमारे पाऊण टन भारक्षमतेच्या टाटा एससारख्या वाहनाला लोक 'छोटा हत्ती' म्हणतात. भारतीय वाहन वर्गीकरणात साडेतीन टनांपर्यंत एकूण वजनाची मालवाहू वाहने 'एन१' या गटात मोडतात आणि बहुतेक पिकअप याच गटातील आहेत.

== इतिहास ==
कारखान्यातच हौदा बसवून विकलेल्या सुरुवातीच्या पिकअपमध्ये फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी या मोटारीवर आधारित १९२५ सालच्या वाहनाचा उल्लेख केला जातो. भारतात टाटा समूहाने १९८८ मध्ये टाटामोबाइल ही पिकअप बाजारात आणली. तिच्यानंतर आलेली टाटा २०७ ही गाडी महाराष्ट्रात दीर्घकाळ वापरात होती. स्वातंत्र्याच्या सुमारास जीपच्या जुळणीपासून सुरुवात केलेल्या महिंद्रा कंपनीने २००० मध्ये बोलेरो हे वाहन आणले आणि पुढे त्याच नावाने पिकअपची मालिका विकसित केली. टाटा एस २००५ मध्ये, टाटा योद्धा २०१७ मध्ये, तर बोलेरो मॅक्स पिकअपची मालिका २०२२-२३ मध्ये बाजारात आली.

== भौगोलिक पार्श्वभूमी ==
धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्यालय आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून हा तालुका त्या जिल्ह्यात आहे. तालुक्याच्या उत्तरेस नर्मदा नदी असून बहुतांश भूभाग सातपुड्याच्या रांगांनी व्यापलेला आहे. येथे प्रामुख्याने भिल्ल व पावरा समाजाची वस्ती आहे. गावे सलग नसून डोंगरउतारांवर विखुरलेल्या पाड्यांची बनलेली असतात.

तालुक्यात रेल्वे नाही. मैदानी भागातील शहादा व तळोदा या शहरांकडे जाण्यासाठी घाट उतरावा लागतो. तळोदा-धडगाव मार्गावरील चांदशैली घाट तीव्र उतार व वळणांसाठी ओळखला जातो. पावसाळ्यात त्यात दरडी कोसळून वाहतूक खंडित होण्याचे प्रसंग घडतात. राज्य परिवहनाची बस मुख्य रस्त्यांवर धावते. पाड्यांकडे जाणाऱ्या अरुंद व कच्च्या वाटांवर तिला जाता येत नाही. बस आणि पायवाट यांमधील ही पोकळी पिकअपने भरून काढली आहे.

== रचना ==
पिकअपचा सांगाडा शिडीसारख्या पोलादी चौकटीचा असतो. केबिन व हौदा या चौकटीवर स्वतंत्रपणे बसवलेले असतात. मागील आसाला पोलादी पाट्यांच्या कमानी असतात. इंजिन पुढे असते आणि चालना सामान्यतः मागील चाकांना मिळते. काही प्रकारांत चारही चाकांना चालना देण्याची सोय असते. बोलेरो पिकअपमध्ये सुमारे अडीच लिटर क्षमतेचे, ७० ते ८० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन वापरले जाते, तर टाटा योद्धामध्ये २.२ लिटरचे, सुमारे १०० अश्वशक्तीचे इंजिन असते. या इंजिनांचा भर वेगापेक्षा कमी फेऱ्यांमध्ये मिळणाऱ्या ओढशक्तीवर असतो. हौद्याच्या तिन्ही बाजूंचे फाळके ठेंगणे असून ते माल अडवण्यासाठी असतात. माणसांना आधार देणे हा त्यांचा हेतू नसतो.

== जमेच्या बाजू ==
'''भारक्षमता:''' १.३ टन क्षमतेच्या पिकअपमधून ५० किलोच्या सिमेंटच्या २६ गोण्या नेता येतात, तर १.७ टन क्षमतेच्या गाडीतून ३४. पाऊण टनाच्या छोट्या वाहनातून हाच आकडा १५ असतो. घरकुलाचे सिमेंट, पत्रे, सळया किंवा स्वस्त धान्य दुकानाचा माल पाड्यापर्यंत नेताना एक फेरी वाचणे म्हणजे एकदा घाट चढणे-उतरणे वाचणे होय.

'''मोठा हौदा:''' धडगाव परिसर आमचुरासाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, कापून व वाळवून आमचूर तयार केला जातो आणि धडगावच्या बाजारात विकला जातो. वाळलेला माल वजनाने हलका व आकाराने मोठा असतो. अशा वेळी गाडीची भारक्षमता संपण्यापूर्वी हौदा भरतो, म्हणून लांब हौद्याच्या गाडीचा लाभ अधिक होतो. सीताफळ, मका, ज्वारी व चारा यांच्या वाहतुकीलाही असाच हौदा सोयीचा ठरतो.

'''खडतर रस्त्यांवरील टिकाऊपणा:''' शिडीची चौकट, पाट्यांच्या कमानी आणि जमिनीपासूनची उंची यांमुळे खड्डे व नाल्यांतील दगड ही वाहने सहन करतात. पिकअपची रुंदी साधारण पावणेदोन मीटर, तर बसची सुमारे अडीच मीटर असते. त्यामुळे अरुंद वळणे पिकअपला सहज घेता येतात.

'''दुरुस्तीची सोय:''' पाटे, ब्रेकचे भाग, क्लच आणि टायर यांचे काम तालुक्याच्या ठिकाणच्या साध्या गॅरेजमध्ये होऊ शकते. एकाच प्रकारच्या गाड्या मोठ्या संख्येने असल्याने सुटे भाग व कुशल कारागीर दोन्ही उपलब्ध होतात.

== मर्यादा ==
'''रिकाम्या गाडीचा अस्थिरपणा:''' पाट्यांच्या कमानी भरलेल्या हौद्याच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. गाडी रिकामी असताना मागील बाजू उसळते. वजन पुढे आणि चालना मागे असल्याने ओल्या चढावर मागील चाके घसरतात.

'''घाटातील ब्रेक:''' लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यास ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या अवरोधाने वेग आवरणे आवश्यक असते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरल्यास हा अवरोध नाहीसा होतो आणि सर्व भार ब्रेकवर येतो. जादा माल भरलेल्या गाडीत हा धोका वाढतो.

'''नव्या इंजिनांची गुंतागुंत:''' १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांमुळे धूर कमी झाला. मात्र इंजिनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण व धूर शुद्ध करणारी यंत्रणा वाढली. तिच्यातील बिघाड शोधण्यासाठी संगणकीय उपकरण लागते, त्यामुळे काही दुरुस्त्यांसाठी गाडी मैदानी शहरात न्यावी लागते.

'''आर्थिक भार:''' लहान मालवाहू वाहनाच्या तुलनेत किंमत, विमा, टायर व इंधन यांचा खर्च अधिक असतो. आमचूर व शेतमालाचा हंगाम संपल्यावर माल कमी होतो, परंतु कर्जाचा हप्ता बारमाही राहतो. रिकाम्या महिन्यांतील ही तूट प्रवासी भाड्याने भरून काढण्याचा मोह मालकांना होतो.

== प्रवासी वाहतूक व अपघात ==
आठवडे बाजार, होळीपूर्वीचा भोंगऱ्या बाजार, लग्नसराई आणि अस्तंबा यात्रा या प्रसंगी पिकअपच्या हौद्यातून माणसांची वाहतूक होते. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी व शेतमजुरीसाठी गुजरातकडे जाणारी कुटुंबेही बिऱ्हाडासह अशा वाहनांतून जातात. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून बांबूच्या झोळीतून आणलेल्या रुग्णासाठी रस्त्यावर उभी असलेली पिकअप हेच कधी कधी पहिले वाहन असते.

येथील धोका केवळ वजनाचा नाही. सरासरी ६० किलो वजनाची २५ माणसे मिळून दीड टन भरतात, म्हणजे १.७ टन क्षमतेच्या गाडीच्या दृष्टीने ती मर्यादेतच असतात. परंतु सिमेंटच्या गोण्या हौद्याच्या तळाशी पडून राहतात, तर उभ्या माणसांचे वजन कंबरेच्या उंचीवर असते. त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. वळणावर सर्वजण एकाच बाजूला झुकतात आणि गाडी उलटण्याची शक्यता वाढते. हौद्यात आसन, पट्टा किंवा छत नसल्याने गाडी उलटल्यास माणसे बाहेर फेकली जातात अथवा गाडीखाली सापडतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदशैली घाटात उलटून अनेकांचा मृत्यू झाला.

== कायदेशीर बाजू ==
मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार मालवाहू वाहनातून प्रवासी नेता येत नाहीत. परवानगीपेक्षा अधिक प्रवासी नेल्यास कलम १९४-अ नुसार प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. त्याचबरोबर, जादा प्रवाशांना उतरवून त्यांच्यासाठी दुसऱ्या वाहनाची व्यवस्था झाल्याशिवाय वाहन पुढे नेता येत नाही. डोंगरातील रस्त्यावर दुसरे वाहन मिळणेच कठीण असल्याने या तरतुदीची अंमलबजावणी अवघड ठरते. जादा माल भरल्यास २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनाला कलम ६६ नुसार स्वतंत्र परवाना लागत नाही. त्याहून जड पिकअपला परवाना घ्यावा लागतो. त्यामुळे खरेदी करताना भारक्षमतेसोबत ही मर्यादाही विचारात घेतली जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती असलेल्या चालकाला ७,५०० किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहन चालवता येते, असा निर्णय दिला.

विम्याचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये न्यू इंडिया अ‍ॅशुरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात, मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्याच्या मृत्यूची भरपाई देण्यास विमा कंपनी कायद्याने बांधील नाही, असे स्पष्ट केले. मालासोबत जाणाऱ्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मात्र विम्याचे संरक्षण मिळते. परिणामी, आपल्या आमचुराच्या गोण्यांसोबत बाजाराला निघालेला शेतकरी आणि त्याच गाडीत बसलेला मजूर यांच्या वारसांचे हक्क सारखे राहत नाहीत. काही प्रकरणांत न्यायालये विमा कंपनीला आधी भरपाई देऊन ती वाहनमालकाकडून वसूल करण्यास सांगतात. अन्यथा भरपाईचा भार थेट वाहनमालकावर पडतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य परिवहन कर्मचाऱ्यांच्या संपकाळात महाराष्ट्र शासनाने खासगी बस व शालेय बस यांच्यासह मालवाहू वाहनांनाही प्रवासी वाहतुकीची तात्पुरती मुभा दिली होती. बस नसेल तेथे लोक मालवाहू गाडीकडेच वळतात, ही वस्तुस्थिती त्या निर्णयातून अधोरेखित झाली.

== पर्यायांशी तुलना ==
छोटा हत्ती स्वस्त व काटकसरी असून धडगाव शहरातील व जवळच्या सपाट मार्गांवरील फेऱ्यांसाठी पुरेसा ठरतो. भरलेल्या अवस्थेत लांब घाट चढताना मात्र त्याचे इंजिन अपुरे पडते. ट्रॅक्टर-ट्रॉली शेतात पिकअपपेक्षा सरस असते, परंतु तिचा वेग कमी असतो. दुहेरी केबिनच्या हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या गाड्यांत पाच जणांना बसता येते व चारही चाकांना चालना मिळू शकते. मात्र त्यांची किंमत अनेक पटींनी जास्त आणि हौदा आखूड असल्याने भाड्याच्या व्यवसायात त्या परवडत नाहीत. प्रवाशांसाठी आसनांची रचना असलेली जीपसारखी वाहने हौद्यापेक्षा सुरक्षित असतात, तथापि त्यांतही क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसवल्यास धोका कायम राहतो.

मालवाहू वाहन म्हणून मध्यम आकाराची पिकअप या भूप्रदेशाला अनुरूप आहे. तिच्यातील सर्वांत मोठी उणीव, म्हणजे प्रवासी सुरक्षेचा अभाव, हा यंत्राचा दोष नसून ज्या कामासाठी ती बनवलेली नाही त्या कामाला ती जुंपली गेल्याचा परिणाम आहे. पाड्यांपर्यंतचे रस्ते आणि लहान आकाराच्या बस यांची उपलब्धता वाढल्याशिवाय तो केवळ दंडाने दूर होण्यासारखा नाही.

== हेही पहा ==
* अक्राणी तालुका
* नंदुरबार जिल्हा
* तोरणमाळ
* अस्तंबा
* महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ