लाल विंचवाचे विष आणि पोटॅशियम वाहिन्या : एक ऐतिहासिक टिपण

कोकणातील लाल विंचू (पूर्वीचे शास्त्रीय नाव ब्यूथस टॅम्युलस, आजचे हॉटेनटोटा टॅम्युलस) वैद्यकाच्या इतिहासात दोन वाटांनी आला. पहिली वाट महाडची. दंशानंतर घाम, वांत्या, हातपाय गार पडणे आणि पुढे फुप्फुसांत पाणी साचणे ही लक्षणे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी राहून नोंदविली. ते निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. १९८६ साली त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तेथेच प्राझोसिनचा उपचार मांडला.

दुसरी वाट प्रयोगशाळेची. उद्दीपित झालेली चेतापेशी वा स्नायुपेशी पोटॅशियम बाहेर सोडून पूर्वस्थितीस येते. १९९० साली अमेरिकेत याच विषातून ३७ अमिनो आम्लांचे आयबेरिओटॉक्सिन वेगळे करण्यात आले. कॅल्शियममुळे उघडणारी, मोठ्या वहनक्षमतेची पोटॅशियम वाहिनी ते रोखते. त्या वाहिनीच्या अभ्यासाचे ते नेमके साधन ठरले. मात्र रुग्णाच्या शरीरातील सारा उत्पात या एका रेणूच्या माथी मारणे योग्य नव्हे. विषातील अन्य घटक सोडियम वाहिन्या वेळेवर मिटू देत नाहीत आणि त्यांचाच वाटा मोठा. शिवाय प्राझोसिन या वाहिन्यांवर नव्हे, तर अतिरिक्त कॅटेकोलॅमिनांनी आवळलेल्या रक्तवाहिन्यांच्या आल्फा ग्राहींवर कार्य करते. आयबेरिओटॉक्सिन हाती येण्यापूर्वी चार वर्षे उपचार मिळाला होता, तो असा.

मूळ विषाचे निराकरण करणाऱ्या प्रतिविषाची जोड त्यानंतर तपासली गेली. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या बावस्करांच्या चाचणीत दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८.