सर

आमच्या हिंगोली भागात 'सर' या दोन अक्षरांच्या शब्दाला फार काम आहे. मृगाची एक सर येऊन गेली की माणसं बांधावर उभी राहून दुसरीची वाट बघतात. लग्नघरी आलेल्या बाया नवरीच्या गळ्यातल्या पोतीचे सर मोजतात. 'औंदाच्या ज्वारीला मागच्या ज्वारीची सर न्हाई,' असं म्हातारी माणसं भाकरीचा पहिला घास घेताच सांगतात. शाळेत सर असतात, चावडीत सरपंच असतो, आणि या सगळ्यांच्या वर, कुणाला न दिसणारं पण सगळ्यांना भोवणारं सरकार असतं.

ऐकणाऱ्याला वाटावं, ही सगळी एकाच घरातली भावंडं. तशी ती नाहीत. आडनाव सारखं असलेली चार माणसं एसटीत शेजारी बसावीत, तसे हे शब्द मराठीत येऊन बसले आहेत. कुणी इथलाच, कुणी इराणाकडून दिल्ली-हैदराबाद करत आलेला, कुणी साहेबाबरोबर बोटीतून उतरलेला. आमच्या मुलखावर कोण कोण येऊन गेलं, याचा हिशेब या एका शब्दात सापडतो.

आधी घरचे पाहू. मोत्यांचा तो सर आणि पावसाची ती सर, हा फरक लेकरालाही कळतो, कारण लिंग वेगळं आहे. माळेचा सर संस्कृतातला. तिथंही सर म्हणजे दोरी, माळ. बरोबरीची जी सर, ती 'सदृश' या शब्दाच्या घराण्यातली. सदृशचं प्राकृतात 'सरिस' झालं, जुन्या मराठीत 'सरिसा' आला, आणि झिजत झिजत 'सर' उरली. आणि आणखी एक सर आहे, तळ्याचा. संस्कृत सरस् म्हणजे तळं, सरोवर. तो आमच्या बोलण्यात फारसा नाही, पण आमच्या जिल्ह्याच्या वाटेवर मात्र आहे. कयाधूकाठची नरसी हे संत नामदेवांचं गाव. नामदेवांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून पंजाबातून भाविक नरसीला येतात. ते ज्या अमृतसरचं नाव घेतात, त्यातला सर म्हणजे हाच तळ्याचा सर. गुरू रामदासांनी जे सरोवर खोदवलं, त्यावरून गावाचं नाव पडलं. ज्याला हे माहीत नाही, तो अमृतसरातही सरकार शोधेल.

आता सरकारातला सर. हा फारसीचा. फारसीत सर म्हणजे डोकं. डोक्याच्या जागी जो तो सरदार, कामाच्या डोक्यावर जे ते सरकार, हद्दीचं टोक ती सरहद्द. मोगलांच्या राज्यात तर सरकार हा जमिनीचा एक भागच होता. सुभ्याखाली सरकारं, सरकाराखाली परगणे. वऱ्हाड सुभ्यात वाशीम, माहूर, पाथरी अशी सरकारं होती. म्हणजे आमच्या पूर्वजांच्या लेखी 'सरकार' हे आधी मुलखाचं नाव होतं. हुकूम सोडणाऱ्याला ते नाव पुढं पक्कं चिकटलं.

मराठ्यांनी हा शब्द परका मानला नाही. शिवाजी महाराजांच्या फौजेत सरनौबत होता, कान्होजी आंग्रे सरखेल होते, चौथाईच्या जोडीला शेकडा दहाची सरदेशमुखी होती. गड घेतला तर तो 'सर केला' म्हणायची रीत पडली. पुढं कुणीतरी या फारसी डोक्याला आपला पंच जोडला आणि सरपंच तयार झाला. अर्धा इराणी, अर्धा संस्कृत; पण ग्रामपंचायतीच्या खुर्चीत बसल्यावर पक्का गावकरी.

गंमत पुढंच आहे. हा फारसी सर आणि आपलं शिर हे खरोखरचे भाऊबंद आहेत. इराणी भाषा आणि संस्कृत एकाच जुन्या कुळातल्या. एकीकडं सर राहिला, दुसरीकडं शिरस् झालं. उर्दूत म्हणतात, 'सर सलामत तो पगडी हजार'. मराठी माणसानं ती म्हण घेतली आणि 'शिर सलामत तर पगडी पचास' केली. पगड्यांची संख्या कमी झाली खरी, पण डोक्याच्या जागी डोकंच बसलं. कोश न उघडता लोकांनी बरोबर चुलतभाऊ ओळखला.

तिसरा सर आला तो इंग्रजांबरोबर, आणि आमच्याकडं तो फौजेच्या वाटेनं आला. हिंगोलीला निजामाच्या खर्चानं चालणाऱ्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. 1903 मध्ये ही फौज इंग्रजी हिंदुस्थानच्या सैन्यात मिळवून टाकली, तरी गावात रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं अजून राहिली आहेत. फौज गेली, भाजीबाजार तिच्या नावानं भरत राहिला.

या फौजेच्या खर्चापायी काय झालं, ते आमच्या उत्तरेच्या शिवेवर दिसतं. निजामाकडं थकबाकी साठली, आणि 1853 च्या तहानं वऱ्हाडचा मुलूख कंपनीकडं लावून द्यावा लागला. तेव्हापासून पैनगंगा ही नुसती नदी राहिली नाही, ती सरहद्द झाली. पलीकडं इंग्रजी अंमल, अलीकडं निजामशाही. दोन्ही काठांवर ओवी एक, लग्नाचे पाहुणे एक, पण सरकार दोन.

त्याच 1853 मध्ये हैदराबादेत एक चोवीस वर्षांचा तरुण दिवाण झाला. मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग. 1883 मध्ये वारेपर्यंत, तीस वर्षं त्यांनी कारभार पाहिला. महसूल मक्त्यानं देऊन रयतेला पिळून काढायची जी पद्धत होती, ती मोडून त्यांनी जिल्हे पाडले, पगारी अंमलदार नेमले. इंग्रजांनी त्यांना किताब दिला आणि ते 'सर सालारजंग' झाले.

हे नाव मला फार आवडतं, कारण त्यात दोन सर शेजारी बसले आहेत. पहिला इंग्रजी. तो लॅटिनमधल्या 'सीनियर' या शब्दातून आला; सीनियर म्हणजे वयानं वडील. तिथून फ्रेंच, तिथून इंग्रजी, असं झिजत तो सर झाला. दुसरा सर 'सालार' या शब्दाच्या पोटात दडलेला आहे. सालार आणि सरदार हे मुळात एकच. जुन्या इराणी भाषेत जो डोक्याच्या जागी होता, त्याचंच एक रूप सालार, दुसरं सरदार. म्हणजे एकाच माणसाच्या नावात आधी लंडनचा 'वडील' आणि मग इराणचा 'डोकं धरणारा'. दोघांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध नाही. इंग्रजी सरचा नातेवाईक आपल्याकडं हुडकायचा झाला तर तो सरकारात सापडत नाही. तो सापडतो 'सनातन' या शब्दात. संस्कृतात सन म्हणजे जुना, आणि लॅटिनचा सीनियर त्याच मुळाचा. म्हणजे शाळेतले सर आणि सनातन हे एका कुळाचे. सरपंच आणि शिर हे दुसऱ्या कुळाचे. सारखे दिसतात ते परके निघाले, आणि नात्यातले कुणाला ओळखू येत नाहीत.

हे सगळं विद्वानांनी बसून बोलायचं आहे, शेतकऱ्याला त्याचं काय, असं कुणी म्हणेल. माझे आजोबा असं म्हणाले नसते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते निजामाच्या राज्यात तहसिलीत अहलकार होते. घरात मराठी, कचेरीत उर्दू. हैदराबाद संस्थानात 1884 पासून दरबारी भाषा फारसीऐवजी उर्दू झाली होती, आणि 1918 मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर वरचं शिक्षणही उर्दूतून सुरू झालं. त्यामुळं आबांच्या पिढीतल्या शिकलेल्या माणसाला उर्दू यावीच लागे. संस्थान 1948 च्या सप्टेंबरात भारतात सामील झालं, कचेरीची भाषा बदलली, तरी गावातली माणसं जुने कागद घेऊन आबांकडं येत राहिली.

आबा म्हणायचे, "लेकरा, कागद कानानं वाचायचा नसतोय, डोळ्यानं वाचायचा असतोय." त्याचा अर्थ ते पाटीवर लिहून दाखवायचे. उर्दूत आपल्या स साठी तीन अक्षरं आहेत: से, सीन आणि स्वाद. बोलताना तिन्ही सारखी, लिहिताना वेगळी. सरकार, सरदार, सरहद्द हे सीननं लिहायचे. पण 'सर्फे खास' स्वादनं लिहायचं. सर्फ हा अरबी शब्द, त्याचा अर्थ खर्च. निजामाच्या खाजगी खर्चासाठी राखून ठेवलेला मुलूख तो सर्फे खास. त्याचा महसूल वेगळा, अंमलदार वेगळे. पैसे पारखणारा आणि बदलून देणारा सराफ याच सर्फच्या घरातला. सदर बाजारातला सदरही स्वादवालाच. त्याचा मूळ अर्थ छाती, म्हणजे पुढचा भाग.

आमच्याकडची माणसं बोलताना सरफेखास, सरपेखास असं काहीही म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की हा सरकारचाच काही खास प्रकार असेल. पण जमीन दिवाणीतली, जहागिरीतली की सर्फे खासमधली, यावर तिचं दप्तर कुठं असेल ते ठरायचं. 1949 मध्ये सर्फे खास मुलूख दिवाणीत विलीन झाला, त्याच वर्षी जहागिऱ्या गेल्या, आणि 1950 मध्ये कूळकायदा आला. कूळ म्हणून नाव लागायचं असेल तर आधीचा कागद दाखवावा लागे. त्या कागदावर पहिलं अक्षर सीन आहे की स्वाद, यावर म्हातारा माणूस कोणत्या कचेरीच्या पायऱ्या झिजवणार ते ठरत होतं.

आणखी एक अडचण. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. सीन आणि रे एवढंच लिहिलं, तर ते सर, सिर की सुर हे वाचणाऱ्यानं मागचा-पुढचा शब्द पाहून ठरवायचं. त्यात कचेरीतलं लिखाण शिकस्ता, म्हणजे मोडलेलं, घाईचं; नुक्ते गाळलेले, अक्षरं एकमेकांत गुंतलेली. आबा एकेका ओळीवर पाच-पाच मिनिटं थांबायचे. समोरचा माणूस तेवढा वेळ श्वास धरून बसायचा, कारण त्या ओळीत त्याच्या बापाचं नाव असायचं किंवा नसायचं.

हे दिवस संपले असं वाटत होतं. 2023 मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी हुडकण्यासाठी सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि निजामकाळातली दप्तरं पुन्हा बाहेर निघाली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या माणसांची एकदम शोधाशोध सुरू झाली. आरक्षणाच्या वादात मी पडत नाही. तो मोठ्या सभेचा विषय आहे. मला दिसलं ते एवढंच, की कपाळाला हात लावून कचेरीच्या व्हरांड्यात बसलेली माणसं पुन्हा एका शब्दासाठी बसली होती, आणि तो शब्द वाचणारं माणूस त्यांच्या गावात उरलं नव्हतं. त्यांच्याच आज्याच्या काळातली अक्षरं त्यांना परमुलखाची झाली होती.

मधल्या काळात बोलण्यातला सर मात्र वाढत गेला. माझ्या लहानपणी मराठी चौथीपर्यंत गुरुजी असत, हायस्कुलात गेलं की सर. आता पहिलीतल्या लेकरालाही सरच लागतात. गुरुजी पूजेपुरते उरले. बँकेत सर, तलाठ्याला सर, आणि फोनवर कर्ज विकणारा पोरगा तर शेतात औत धरलेल्या माणसालाही सर म्हणतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी सर म्हटलं म्हणून आमच्या शेजारच्या काकांनी तो फोन पूर्ण ऐकून घेतला होता.

सरपंच या शब्दाचंही तसंच. 1993 च्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत बायकांना जागा मिळाल्या, आणि राज्यात 2011 मध्ये त्या निम्म्या झाल्या. कागदावर सरपंच बाई, पण पारावर 'सरपंच' अशी हाक मारली की पुष्कळ गावांत अजून नवराच वळून बघतो. जिथं बाई स्वतः वळून बघते, तिथं त्या फारसी शब्दाला खरा अर्थ आला असं मी समजतो.

आबांची उर्दूची पाटी माळ्यावर होती. मी ती खाली काढली आहे, आणि नातवाला तिन्ही स शिकवतो आहे. शाळेत याला मार्क नाहीत, म्हणून तो कुरकुर करतो. पण गेल्या महिन्यात आमच्या पेटीतल्या एका कागदावर त्यानं बोट ठेवलं आणि म्हणाला, "आजोबा, हे सरकारातलं सर न्हाई, हे स्वादचं हाय." कागदावर सर्फे खासच होतं.