नऊ वर्षें वाटेंत राहिलेली दुरुस्ती

बैल गेला आणि झोंपा केला, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. नुकसान होऊन गेल्यावर सावध होणाऱ्या माणसाला ती लावतात. परंतु झोंपा वेळेवर तयार झाला आहे, करणारानें तो नीट बांधून आपल्या अंगणांत उभा करून ठेवला आहे, आणि तरीही गोठ्याला तो लागलेला नाहीं, अशा स्थितीला कोणती म्हण लावावी? संगणकविद्येच्या इतिहासांत असा एक प्रसंग घडून गेला आहे. घरोघरच्या इंटरनेटच्या पेटींतील एक दोष २००२ सालीं जन्मास आला, २००५ सालीं तो सुधारला गेला, आणि २०१४ सालच्या डिसेंबरांत असें उघडकीस आलें कीं, १८९ देशांतील निदान १ कोटि २० लाख यंत्रांत तो जसाच्या तसा नांदत आहे. ही हकीकत तांत्रिक असली तरी तिचें तात्पर्य केवळ तांत्रिक नाहीं. म्हणून ती सामान्य वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

ज्या पेटीविषयीं बोलावयाचें तिला राऊटर म्हणतात. टेलिफोनच्या तारेनें किंवा काचेच्या तंतूनें दारापर्यंत आलेलें इंटरनेट घरांतील संगणकांना व मोबाइलना वांटून देणें हें तिचें काम. बहुतेक घरांत ती भिंतीवर किंवा कपाटाच्या माथ्यावर बसविलेली असते, आणि तिचे दिवे लुकलुकत आहेत तोंवर तिची कोणी विचारपूस करीत नाहीं. परंतु ती नुसती तारांची जोडणी नव्हे. ती स्वतःच एक लहानसा संगणक आहे. तिच्या आंत प्रोसेसर आहे, मेमरी म्हणजे स्मृति आहे, आणि त्या दोहोंना चालविणारी, यंत्रांतच भरून ठेवलेली आज्ञावली आहे. या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. पासवर्ड बदलण्यासारख्या गोष्टी मालकाला आपल्या पडद्यावरून करतां याव्या म्हणून त्या फर्मवेअरमध्यें एक छोटा वेब सर्व्हरही बसविलेला असतो. अशा कामासाठीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांतल्या अलेग्रो सॉफ्टवेअर या कंपनीनें 'रॉमपेजर' नांवाचा सर्व्हर तयार केला. तो आटोपशीर होता, थोड्या स्मृतींत मावत होता. म्हणून पुष्कळ कारखानदारांनीं तो पसंत केला. प्रस्तुत दोष या रॉमपेजरमधला.

त्याचें स्वरूप समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. संगणकाची स्मृति म्हणजे ओळीनें क्रमांक दिलेल्या घरांची एक अफाट रांग. आपली जागा कोठें संपते आणि दुसऱ्याची कोठें सुरू होते, ही मर्यादा कोणीतरी राखली पाहिजे. कांहीं भाषा हें काम स्वतः करतात. क्रमांक मर्यादेबाहेरचा आला तर त्या तेथेंच थांबतात. टोनी होअर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञांनीं १९८० सालच्या आपल्या ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानांत यासंबंधीं एक आठवण सांगितली आहे. एलियट कंपनीच्या संगणकावर अल्गोल भाषा चालविण्याची जी व्यवस्था त्यांनीं रचली होती, तींत ही मर्यादा प्रत्येक वेळीं तपासली जात असे. पुढें, वेग वाढविण्यासाठीं ही तपासणी बंद करण्याची सोय हवी काय, असें गिऱ्हाइकांना विचारलें, तेव्हां सर्वांनीं एकमुखानें 'नको' म्हणून सांगितलें. गिऱ्हाइकांना जें कळलें होतें तें पुढील काळांतील कित्येक शास्त्रज्ञांना कळलें नाहीं.

१९७० नंतर बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं रचलेली सी भाषा निराळ्या वळणाची होती. ती प्रोग्राम लिहिणारावर विश्वास टाकते. मर्यादेची तपासणी आपण होऊन करीत नाहीं. या विश्वासामुळें ती चपळ झाली, लहान यंत्रांना परवडली आणि जगभर पसरली. त्या विश्वासाची किंमत किती पडूं शकते हें २ नोव्हेंबर १९८८ रोजीं प्रथम ठळकपणें दिसून आलें. कॉर्नेल विद्यापीठांतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेला एक प्रोग्राम त्या रात्रीं अमेरिकेंतील हजारों संगणकांत पसरला. त्याच्या अनेक वाटांपैकीं एक वाट अशी होती : 'फिंगर' नांवाच्या सेवेनें येणाऱ्या मजकुरासाठीं ५१२ अक्षरांची जागा राखली होती, आणि मजकूर किती लांब आहे हें ती पाहत नव्हती. मॉरिसच्या प्रोग्रामनें ५३६ अक्षरें पाठविलीं. जादा अक्षरें शेजारच्या स्मृतींत सांडलीं, तेथील नोंद बदलली, आणि परक्याचा मजकूर घरच्या आज्ञेप्रमाणें चालूं लागला. हा धडा मिळाल्यानंतर चौदा वर्षांनीं रॉमपेजरमध्यें त्याच कुळांतली चूक शिरली.

वेब सर्व्हर आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्याला एक ओळखचिठ्ठी देतो. तिला कुकी म्हणतात. पुढच्या खेपेस पाहुण्यानें ती दाखवावी म्हणजे ओळख पटते. रॉमपेजरनें अशा चिठ्ठ्यांसाठीं स्मृतींत दहा खण राखून ठेवले होते. प्रत्येक खण ४० बाइटांचा, म्हणजे तितक्या इंग्रजी अक्षरांचा. चिठ्ठ्यांचीं नांवें सी० पासून सी९ पर्यंत. चिठ्ठी आली कीं तिच्या नांवांतील आंकड्याला ४० नीं गुणावें, पहिल्या खणापासून तितकें अंतर मोजावें आणि तेथें मजकूर ठेवावा, असा नियम. आंकडा नऊपेक्षां मोठा तर नाहीं ना, हा प्रश्न मात्र कोठेंच विचारला जात नव्हता.

एखाद्या दप्तरखान्यांतील आज्ञाधारक पण डोळे मिटून काम करणाऱ्या कारकुनाची कल्पना करा. कपाटाला खण दहा. पण कोणी 'हा कागद हजाराव्या खणांत ठेव' असें म्हटलें, तर तो पावलें मोजीत कपाटाच्या पलीकडे, भिंतीच्या पलीकडे, थेट खजिनदाराच्या खोलींत जातो आणि तेथील वहीच्या पानावर तो कागद चिकटवून परत येतो. त्या पानावर 'आंत येणाराला परवलीचा शब्द विचारावा' असें लिहिलेलें असेल, तर आतां तें वाक्य झांकून गेलें. राऊटरमध्यें घडूं शकत होतें तें अक्षरशः हेंच. कोणत्या यंत्रांत कोणतें पान किती अंतरावर आहे हें ज्याला ठाऊक, त्याला पासवर्ड माहीत असण्याचें कारणच उरत नव्हतें. राऊटर हातीं आला म्हणजे घरांतून बाहेर जाणारा व बाहेरून आंत येणारा सर्व व्यवहार पाहतां येतो, वळवितां येतो, आणि घरांतील इतर यंत्रांकडे सरकतां येतें.

इस्रायलमधील चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनीं हा दोष शोधून डिसेंबर २०१४ मध्यें जाहीर केला. दोषांच्या सार्वजनिक नोंदवहींत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०१४-९२२२ असा आहे. पण तो प्रसिद्ध झाला 'मिसफॉर्च्यून कुकी' या नांवानें. अमेरिकेंतील चिनी खानावळींत जेवणाअखेर, पोटांत भविष्याची चिठ्ठी घातलेलें एक बिस्कीट देतात. त्याला 'फॉर्च्यून कुकी' म्हणतात. त्यावर ही कोटी. डी-लिंक, टीपी-लिंक, झायक्सेल, हुआवे, झेडटीई इत्यादि कारखानदारांचे सुमारें २०० नमुने दोषाच्या यादींत आले.

येथवरची हकीकत नेहमींचीच म्हणतां येईल. चूक झाली, ती सांपडली. खरी विचार करण्यासारखी गोष्ट पुढेंच आहे. अलेग्रो कंपनीला आपली चूक नऊ वर्षांपूर्वींच उमगली होती. रॉमपेजरची ४.३४ ही आवृत्ति २००५ सालीं निघाली, तींत ती सुधारलेली होती. परंतु २०१४ सालीं बाजारांतून आणलेल्या नव्याकोऱ्या यंत्रांतसुद्धां ४.०७ ही २००२ सालची आवृत्तीच भरलेली आढळली. मग मधल्या काळांत ती दुरुस्ती कोठें राहिली?

तिचा प्रवास पाहिला म्हणजे उलगडा होतो. अलेग्रोनें सर्व्हर विकला तो घरमालकाला नव्हे. तो गेला चिप तयार करणाऱ्या कारखानदाराकडे. त्यानें आपल्या चिपबरोबर नमुन्याचें फर्मवेअर जोडून दिलें. तें घेऊन राऊटरवाल्यानें त्यावर आपलें नांव घातलें. त्या पेट्या इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीनें घाऊक विकत घेतल्या आणि अखेर ग्राहकाच्या भिंतीवर बसविल्या. मालाची ही सांखळी पुढें जाण्यासाठीं होती. बातमी मागून पुढें पोंचविण्याचें काम तींतील कोणत्याच कडीच्या करारांत नव्हतें. अलेग्रोचें म्हणणें असें कीं, सुधारलेली आवृत्ति आम्हीं गिऱ्हाइकांना दिली होती. ती वापरण्याची सक्ति आम्हीं कशी करावी? हें म्हणणें खोटें नाहीं. चिपवाला म्हणूं शकतो कीं, जुना माल चालत असतां नवी जुळणी कशासाठीं? पेटी एकदां विकली जाते, नफा थोडा असतो, आणि दुरुस्तीचे कोणी पैसे देत नाहीं, असें राऊटरवालाही म्हणूं शकतो. प्रत्येकाचें उत्तर आपापल्या जागीं समंजस आहे. सर्वांची बेरीज मात्र १ कोटि २० लाख उघडीं दारें. ज्याच्या घराचें दार, त्याला तर अलेग्रोचें नांवही ठाऊक नव्हतें.

यांत आणखी एक विपर्यास आहे. राऊटर बिघडला तर प्रत्येक घरीं माणूस पाठविणें परवडत नाहीं, म्हणून दूर बसून त्याची व्यवस्था करण्याची टीआर-०६९ नांवाची एक पद्धति २००४ सालीं ठरविण्यांत आली. तिच्यासाठीं राऊटरला ७५४७ या क्रमांकाचें एक द्वार जगाच्या बाजूस उघडें ठेवावें लागे. पुष्कळ यंत्रांत या द्वाराशीं बसविलेला द्वारपाल रॉमपेजरच होता. मालकानें सावधगिरीनें व्यवस्थेचें पान बाहेरच्यांना बंद केलें तरी हें द्वार उघडेंच राही. जी वाट दुरुस्ती आणण्यासाठीं काढली, तिनें इतक्या वर्षांत ही एक दुरुस्ती आली नाहीं. चोराला मात्र ती मोकळी होती.

पुढें याच द्वारानें एक मोठा अनर्थ घडविला. २७ नोव्हेंबर २०१६ रोजीं जर्मनींत डॉइश टेलिकॉमच्या सुमारें ९ लाख ग्राहकांची सेवा बंद पडली. 'मिराई' नांवाच्या उपद्रवी प्रोग्रामची एक नवी जात ७५४७ हें द्वार ठोठावीत जगभर हिंडत होती. तिनें धरलेला दोष निराळा होता, आणि जर्मन पेट्यांत तिला शिरतांही आलें नाहीं. पण त्या नुसत्या ठोठावण्यानेंच पेट्या कोलमडल्या. २०१७ सालीं कोलोन येथील न्यायालयानें एका ब्रिटिश तरुणाला त्याबद्दल दोषी ठरविलें. त्याच वर्षीं जुलैमध्यें आपल्याकडे भारत संचार निगमाच्या हजारों ग्राहकांचे मोडेम अशाच एका हल्ल्यानें निकामी झाले. तेथें कारखान्यांतून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता, हें कारण पुढें आलें. दोष भिन्न, पण मूळ दुर्लक्ष एकच : पेटी विकली म्हणजे संबंध संपला, ही समजूत.

या समजुतीला आतां कायद्यानें हात घातला आहे. ब्रिटनमध्यें २९ एप्रिल २०२४ पासून, सर्व नगांना एकच सोपा पासवर्ड घालून अशीं यंत्रें विकण्यास बंदी झाली, आणि सुरक्षिततेच्या दुरुस्त्या किती काळ मिळतील हें ग्राहकाला आधीं सांगणें सक्तीचें झालें. युरोपीय संघानें २०२४ सालीं केलेला कायदा आणखी पुढें जातो. त्याच्या मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाच्या आहेत. त्यांप्रमाणें विकलेल्या मालांतील दोष सामान्यतः निदान पांच वर्षें दुरुस्त करीत राहण्याची जबाबदारी कारखानदारावर येते, आणि दुसऱ्याकडून घेऊन बसविलेल्या भागांविषयींही त्याला दक्षता बाळगावी लागते. रॉमपेजरच्या प्रकरणांत हरवलेली कडी नेमकी हीच होती.

चूक होणें मनुष्यस्वभावांत आहे, आणि ती २००५ सालीं सुधारणाऱ्यांना बोल लावण्याचें कारण नाहीं. परंतु सुधारणा करणें आणि ती पोंचविणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, आणि दुसऱ्यावांचून पहिलें व्यर्थ होतें. आपल्या घरांतील पेटीपुरती पाहणी करणें कोणालाही कठीण नाहीं. तिचें फर्मवेअर कोणत्या सालचें आहे, कारखानदार अजून तिच्यासाठीं दुरुस्त्या काढतो काय, मूळचा पासवर्ड बदलला आहे काय, एवढे तीन प्रश्न विचारावे. आणि दुसऱ्याचें उत्तर नकारार्थी आलें तर पेटी चालत असली तरी बदलावी. झोंपा कोणाच्या अंगणांत पडून आहे याची चौकशी बैल दावणीला आहे तोंवरच करावयाची असते.