महासाथीच्या काळात लशींचे न्याय्य वाटप : जागतिक करार आणि आपण

पुढील महासाथ आली तर लस आधी कोणाला मिळेल? पैसे असलेल्या देशाला की गरज असलेल्या देशाला? याबाबत झालेल्या जागतिक कराराची माहिती या लेखात दिली आहे.

कराराची गरज का भासली?

कोविड-१९ च्या वेळी अनेक श्रीमंत देशांनी लस तयार होण्यापूर्वीच कंपन्यांकडे आगाऊ मागणी नोंदवून लोकसंख्येपेक्षा जास्त डोस राखून ठेवले. इतर देशांसाठी २०२० मध्ये ‘कोव्हॅक्स’ ही संयुक्त व्यवस्था सुरू झाली. तिला पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडून मोठा पुरवठा अपेक्षित होता. मात्र २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत आपल्याच देशात लशीची गरज वाढली आणि निर्यात काही महिने थांबली. त्यामुळे आफ्रिकेतील अनेक देशांचे लसीकरण रखडले. मोजक्याच कारखान्यांवर जग अवलंबून असले की असे होते.

भारताने काय मागणी केली होती?

ऑक्टोबर २०२० मध्ये भारत व दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत प्रस्ताव मांडला. कोविडवरील लस व औषधांचे पेटंट हक्क काही काळ शिथिल करावेत, म्हणजे इतर देशांनाही त्यांचे उत्पादन करता येईल, अशी ही मागणी होती. जून २०२२ मध्ये केवळ लशींपुरती मर्यादित सवलत मान्य झाली.

नवीन करारात काय आहे?

जागतिक आरोग्य सभेने २० मे २०२५ रोजी जिनिव्हा येथे महासाथ करार स्वीकारला. त्यातील प्रमुख तरतुदी अशा :

• देशांनी नव्या रोगजंतूचे नमुने व माहिती तातडीने द्यावी. त्या बदल्यात लाभात वाटा मिळावा.
• सहभागी कंपन्यांनी महासाथीत तयार होणाऱ्या लस, औषधे व चाचण्यांपैकी २० टक्के साठा जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून देण्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे १०० डोसपैकी २०. त्यातील किमान १० मोफत, उर्वरित परवडणाऱ्या दरात.
• या साठ्याचे वाटप धोका व गरज पाहून करावे.

करार लगेच लागू होतो का?

नाही. नमुने व लाभवाटपाच्या नियमांचे परिशिष्ट आरोग्य सभेने मंजूर केल्यावरच करार सह्यांसाठी खुला होतो. त्यानंतर ६० देशांनी अधिकृत मान्यता द्यावी लागते.

लसीकरणाची सक्ती होईल का?

या करारामुळे होणार नाही. कोणत्याही देशावर लसीकरणाची सक्ती किंवा टाळेबंदी लादण्याचा अधिकार करार जागतिक आरोग्य संघटनेला देत नाही. असे निर्णय त्या त्या देशाचे सरकारच घेते.

आपल्याला काय करावे लागेल?

हा करार देशांमधील आहे. त्यासाठी आपल्याला कोणताही अर्ज, नोंदणी किंवा शुल्क नाही. ‘जागतिक लस योजने’च्या नावाने कोणी पैसे, आधार क्रमांक किंवा ओटीपी मागितल्यास देऊ नका.

आपल्या मुलांच्या व गरोदर महिलांच्या नियमित लसी सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमांतर्गत सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. लसीकरण कार्ड जपून ठेवा. अधिक माहितीसाठी आपल्या आशा सेविकेशी किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी संपर्क साधा.